दगडीबाईचं रगत

दगडीबाईचा आवाज चढला की पाड्यावरची कुत्री ओट्यावरून उतरून दुसरी वाट धरतात. हे लोक हसत हसत सांगतात, पण तिच्या माघारी. तोंडावर सांगायची छाती कोणाची नाही.

चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला हा पाडा. पावसाच्या भरवशावरची ज्वारी आणि मका, जंगलातला डिंक, आणि उरलेलं वर्ष खाली केळीच्या पट्ट्यात मजुरी. होळीला अख्खा डोंगर झिंगतो. ह्या पाड्यावर मात्र फक्त ढोल झिंगतो. हे दगडीबाईनं केलं. कुठल्या साहेबानं नाही, आणि दारूबंदीचा फलक लावून त्याच फलकाखाली हप्ता घेणाऱ्यांनी तर नाहीच नाही.

तिचा बाप मोहाच्या दारूनं गेला. हातपाय काटक्यांसारखे आणि पोट ढोलासारखं टम्म. डोळे हळद लावल्यासारखे पिवळे. बैलगाडीत घालून दवाखान्याकडे नेताना तो वाटेतच थंड झाला, आणि त्याचं डोकं तेव्हा पोरसवदा दगडीच्या मांडीवर होतं. ती नवरी होऊन ह्या पाड्यावर आली तेव्हा हुंड्याबिंड्याचं काही नव्हतं, पण ते मरण तिनं सोबत आणलं होतं. पहिल्याच पावसाळ्यात तिनं घराघरांतली गाळायची मडकी बाहेर काढून फोडली. कोणी अंगावर धावून आलं तर त्याच्याच मडक्याचं खापर घेऊन ती उभी राहायची.

मग तिनं नियम बांधला. जो दारू सोडेल त्याच्या गळ्यात मोहाच्या झाडाखाली, सगळ्यांदेखत, ती तुळशीची कंठी घालणार. जो पुन्हा पिईल त्याची कंठी त्याच झाडाखाली, त्याच हातानं उतरणार. ज्या झाडाची दारू, त्याच झाडाखाली शपथ. पहिली कंठी गेली तिच्या नवऱ्याच्या गळ्यात, करमसिंगच्या.

करमसिंग म्हणजे उभा साग. पाड्यावरून केळीच्या कटाईला घड वाहायला जाणारा तो एकटाच, कारण ते काम सगळ्यांच्या अंगाला झेपत नाही. कापणारा कोयत्यानं घड उतरवतो. खाली वाहणारा एक गुडघा टेकून बसतो, खांद्यावरची गोणपाटाची घडी नीट करतो आणि म्हणतो, "ठेव." घड खांद्यावर बसला की उठायचं, आणि ढेकळांतून, पाटाच्या चिखलातून ट्रकपर्यंत चालायचं. परत यायचं. पुन्हा गुडघा, पुन्हा "ठेव." ट्रक भरेपर्यंत हेच. केळीचा चीक अंगभर गळतो, त्याचे काळे डाग कुठल्या साबणानं जात नाहीत. करमसिंगच्या कंठीचे मणीसुद्धा त्या चिकानं काळे पडले होते. इतरांचे दोन घड होईपर्यंत ह्याचे तीन व्हायचे, म्हणून टोळीत त्याला मान होता. टोळीतले बाकीचे खालच्या गावांचे, सगळे पिणारे. ते त्याला चिडवायचे, "करमसिंग, तू नुसता पानीवर एवढं वाहस, थोडी पिधी असती तर ट्रकच उचलता!"

तर ह्या टोळीसाठी वैशाखात शिबिर झालं. प्रेमराज शेठ हा केळीचा व्यापारी. शालिग्रामभाऊंच्या बागेत त्याच्या मालाची कटाई चालू होती, तिथंच त्यानं मांडव घातला. फलकावर शेठचा हात जोडलेला फोटो मोठा आणि खाली 'मजूर आरोग्य शिबिर' हे बारीक अक्षरात. चोपड्याचा एक डॉक्टर आणला, सुया आणल्या, काचेच्या नळ्या आणल्या. पण कटाई थांबवली नाही, कारण मालाला वेळ नाही. घडवाल्यानं ट्रकमध्ये घड टाकायचा, हात पुसायचा, प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकायचं, रक्त द्यायचं आणि परत बागेत पळायचं. छाती भात्यासारखी हलतेय, मांड्या थरथरतायत, आणि तशात सुई. डॉक्टरच्या समोर केळीचे ढीग, अंगावर चीक, खांद्यावर गोणपाट. तरी एकालाही त्यानं विचारलं नाही, बाबा, तू काम काय करतोस?

आठवडा गेल्यावर शेठनं कार्यक्रम ठेवला. माईक, शाल, श्रीफळ. बायकामाणसांनाही बोलावलं होतं. दगडीबाई पहिल्या रांगेत बसली होती. आणि त्या माईकवर, गावासमोर, शेठनं मजुरांची तपासणी वाचून दाखवायला सुरुवात केली. माणसाच्या पोटातलं आतडं काढून बाजारात टांगावं, तसं. कोणाची साखर, कोणाचं रक्त कमी. मग आलं, "करमसिंग. ह्याच्या लिव्हरचा आकडा सगळ्या टोळीत जास्त! का हो डॉक्टर?"

डॉक्टर माईककडे वाकला. "एसजीओटी खूप वाढलंय, एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त. असा आकडा म्हणजे दारूच असते. वेळीच सोडा."

शेठला हसण्याची उकळी फुटली. "अरे, हा तर कंठीवाला! कंठी गळ्यात अन् बाटली पोटात?"

मांडव हसला. टोळीतले पिणारेसुद्धा हसले, ते तर जरा जास्तच हसले. करमसिंग उठून काही बोलणार होता, पण त्यानं बायकोकडे पाहिलं आणि तो तसाच खाली बसला. दगडीबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता.

घरापर्यंत ती त्याच्या पुढं पुढं चालत राहिली. दारात आली आणि फुटली.

"कधीपासून पेस?"

"मी पेस नही."

"कागद खोटा बोलस का?"

"कागदनं माले माहित नही. मनं माले माहित शे. एक थेंब पिधा नही."

"मना बापबी असाच म्हने!"

करमसिंगनं तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज एकदम खाली आला. "दगडी, तू मना तोंडना वास रोज घेस. कधी उना?"

कधीच आला नव्हता. पण रागात माणसाला नाक नसतं. तिला दिसत होतं बापाचं फुगलेलं पोट, आणि ऐकू येत होतं मांडवातलं हसू. आणखी एक गोष्ट होती, ती जास्त टोचत होती. नियम तिचा होता. दुसऱ्याच्या नवऱ्याची कंठी उतरवताना तिचा हात कधी कापला नव्हता. आता स्वतःच्या नवऱ्याला पाठीशी घातलं तर उद्या पाड्यावर पुन्हा मडकी चढणार.

संध्याकाळी मोहाखाली सगळे जमले. पाड्यातले वडीलधारे मोतीलाल आबा म्हणाले, "दगडी, जरा दम धर." तिनं धरला नाही. करमसिंगपुढे ती उभी राहिली, त्याच्या गळ्यातली कंठी तिनं धरली आणि ओढली. दोरा तुटला नाही, म्हणून डोक्यावरून काढावी लागली, आणि त्यासाठी करमसिंगनंच मान खाली घातली. तेवढं करून तो सरळ झाला, घरात गेला नाही, तसाच उतारानं चालू लागला. शिरपूरकडच्या एका पाड्यावर त्याची बहीण भागाबाई राहते, तिकडं.

दिवस गेले. तो येईना. दगडीबाई भाकरी थापायची आणि तव्यावर जाळायची. लहानसहान गोष्टीवरून शेजारणींशी भांडायची. मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या द्यायची, आणि शिव्या देता देता मध्येच तिला धसका बसायचा. आकडा सगळ्या टोळीत जास्त, असं म्हणाला ना तो? म्हणजे बापासारखंच? म्हणजे भागाबाईच्या ओट्यावर ह्याचंही पोट फुगायला लागलं असेल? कंठी काढली, ते नियमाचं झालं. मरू द्यायचं, हे कुठं नियमात होतं?

ती एसटीत बसली आणि थेट भागाबाईच्या दारात उतरली. करमसिंग शेळीला पाला घालत होता. पोटबिट काही फुगलं नव्हतं.

"ऊठ. धुळाले चाल. सरकारी दवाखाना."

"दारुड्यानी संगे कसाले येस?"

"मरना शे तर मना समोर मर. ऊठ!"

भागाबाई मध्ये पडली, "वहिनी, आठे ह्यानी पानी आनि ताक बिगर काही पिधं नही हो." पण दगडीबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. गाडीत दोघं शेजारी बसून दोन गावच्या अनोळखी माणसांसारखी राहिली. सोनगीरचा किल्ला आला तेव्हा करमसिंगला उगाच वाटलं की ती काही बोलेल. ती खिडकीतून किल्ल्यावर रागवत राहिली.

धुळ्याच्या दवाखान्यात त्यांना भेटल्या डॉक्टर ज्योत्स्ना. समोर लाइन लागलेली, पंखा बंद, आणि बाई स्वतःच वैतागलेल्या. त्यांनी शिबिराचा कागद पाहिला, करमसिंगच्या डोळ्यांत पाहिलं, पोट दाबलं. मग खांद्यावर हात ठेवला आणि तो हात तिथंच राहिला. खांद्यावर बैलाच्या मानेला असतो तसा घट्टा होता.

"काम काय करता भाऊ?"

करमसिंगनं दगडीबाईकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. दगडीबाईनंच उत्तर दिलं, "केळीना घड वाहस."

"रक्त काढलं त्या दिवशी वाहत होता?"

"बाई, ह्यानी घड टाका नि खुर्चीवर बसना," तीच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाल्या. ते दवाखान्यात म्हणण्यासारखं नव्हतं. मग नव्यानं रक्त काढायला लावलं. एसजीओटी पुन्हा, आणि सोबत सीपीके आणि जीजीटी नावाच्या आणखी दोन तपासण्या. पोटाची सोनोग्राफीही केली. कागद हातात आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"ऐका. हे एसजीओटी लिव्हरमध्ये असतं, तसंच ते मांसातही असतं. जड ओझं वाहून मांस पिळवटलं की ते रक्तात सांडतं. यंत्राला एवढंच कळतं की सांडलंय. कुठून सांडलंय, ते यंत्राला कळत नाही. ते डॉक्टरनं माणसाला विचारायचं असतं. आणि मांसातून सांडलं तरी आकडा असाच दिसतो, एक दुसऱ्याच्या दुप्पट. अगदी दारूसारखा. सीपीके म्हणजे मांसाचाच आकडा. तो त्या वेळी केला असता तर आभाळाला लागलेला दिसला असता. आता हे घरी बसलेत, म्हणून तो आणि एसजीओटी दोन्ही खाली आलेत. आणि दारूनं लिव्हर बिघडलं असतं तर हा जीजीटी बहुतेक वर असता, आणि एवढ्यात असा जागेवर आला नसता. पोटाच्या फोटोतही लिव्हर चांगलं आहे. दारूचं लक्षण मला कुठंच दिसत नाही. फक्त पुढं कधी लघवी चहासारखी काळी झाली, तर ओझं टाकून सरळ इकडं यायचं. काय?"

"मंग त्यानी माईकवर दारू काबर म्हनी?"

"विचारलं नसेल."

"इचाराले पैसा पडतस का?" दगडीबाई इतकी मोठ्यानं ओरडली की लाइनमधली म्हातारी दचकली. "इचारालेबी यंत्र लागस का?"

करमसिंग तिच्याकडे पाहत होता. हसत नव्हता. त्याच्या त्या नजरेत काय होतं ते तिला नीट कळलं, आणि तिनं बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं, पुन्हा धुतलं.

पाड्यावर येऊन तिनं मोहाखाली कागद दाखवले. मोतीलाल आबांनी कागद उलटा धरला, मग सुलटा धरला, आणि परत दिला. "तोबी कागद, हाबी कागद. लोके म्हनतीन, बहीणकडे दारू भेटनी नही व्हई, म्हनीसन आकडा उतरना. आपला माणूस म्हनीसन दगडीनी नियम मोडा, असं बठ्ठा म्हनतीन."

आबा खोटं बोलत नव्हते, आणि त्याचाच तिला संताप आला. ती म्हणाली, "आबा, मी कधी पिधी का?"

"तू? तुले तर मोहाना फूलना वास उना तरी मळमळस."

"मंग आते मनं रगत पहा."

दुसऱ्या दिवशी ती शालिग्रामभाऊंच्या बागेत उभी. पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर करमसिंगचं गोणपाट. बायका कटाईत येतात त्या पानं आवरायला, घड पुसायला. घड वाहायला नाही. टोळी तिला बघून हसली.

शालिग्रामभाऊ घाबरले. "दगडीबाई, मान मोडेल तुझी! मला पोलिसात नेशील."

"भाऊ, तुमना मांडवमा मना घरनी मान मोडी, तव्हय कोनी पोलीस बलावा नही."

ते बाजूला झाले. टोळीचा मुकादम पितांबर, तोही पिणारा, हसता हसता थांबला. तिनं एक गुडघा टेकला आणि म्हणाली, "ठेव." पहिल्या घडाला ती पडली. उठली. दुसऱ्याला पाय लटपटले, तरी ट्रकपर्यंत गेली. ऊन डोक्यावर आलं तरी ती वाहत होती. करमसिंग बांधावर उभा होता. तो म्हणाला नाही की थांब, आणि तिनंही त्याच्याकडे पाहिलं नाही. ट्रक भरला तेव्हा तिच्या लुगड्यावर चिकाचे डाग होते आणि खांदा सोलला होता. पितांबरनं तिला स्वतः पाणी आणून दिलं. "आमी पेतस, ते खरं शे वहिनी," तो खाली मान घालून म्हणाला. "पन आमी हसाले नको व्हतं."

दुसऱ्या सकाळी अंग लाकूड झालेलं, तशात ती चोपड्याला त्याच शिबिरवाल्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेली. "मना नवराना जो तपास करा, तोच मना कर. कमी नही, जास्ती नही." त्यानं ओळखलं नाही. रक्त घेतलं. संध्याकाळी कागद पाहून त्यानं चष्मा वर केला, आवाज हळू केला.

"ताई, तुम्ही... घेता का कधी?"

"काय घेस मी?" दगडीबाई खुर्चीतून उठली. उठताना मांड्यांतून कळ गेली, तिनं ती दातांखाली दाबली. "बोल ना! माईकवर तर मोठा आवाज व्हता. काय घेस?"

बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. तिनं धुळ्याचे कागद त्याच्या टेबलावर आपटले. डॉक्टरनं ते वाचले. वाईट माणूस नव्हता तो, हेच जास्त चीड आणणारं होतं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"सीपीके शिबिराच्या तपासण्यांत नव्हतं," तो म्हणाला.

"माईक व्हता का?"

डॉक्टरनं कागद घडी करून तिला परत दिले आणि म्हणाला, माईकवर चुकलो ते माईकवरच सांगतो.

पण प्रेमराज शेठ वेगळ्या मातीचा. माईक पुन्हा लावा म्हटल्यावर तो फिस्सकन हसला. "झालं ते झालं. एका मजुरासाठी मी मांडव घालू?"

दुसऱ्या दिवशी कटाई सकाळीच सुरू झाली होती. कापलेले घड बांधावर रचून पडले, ट्रक उभा, आणि पितांबरनं खांद्यावरचं गोणपाट खाली टाकलं. त्याच्यावर तो बसला. मग सगळी टोळी बसली. ऊन चढत गेलं.

शेठ धावत आला. "अरे, माल काळा पडेल! काय पाहिजे तुम्हाला?"

"माईक," पितांबर म्हणाला.

"तुम्ही तर पिणारे रे, तुम्हाला काय पडलंय त्याचं?"

"आमी पेतस म्हनीसन आमले माहित शे, कोन पेस आनि कोन नही. तुले इचारनं व्हतं तर आमले इचारता."

माईक आला. डॉक्टरही आला. घामाघूम होऊन त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं की करमसिंगचा आकडा ओझ्याचा होता, दारूचा नव्हता, आणि आपण न विचारता बोललो. शेठ माईकपासून लांब, ट्रकच्या सावलीत तोंड फिरवून उभा होता. तोंडातून एक शब्द काढला नाही त्यानं. असली माणसं काढतही नाहीत.

दगडीबाईनं कनवटीची कंठी काढली आणि करमसिंगपुढे धरली. तो मागे सरकला.

"आठे नही. जठे काढी तठे."

संध्याकाळी मोहाखाली पाडा जमला. मोतीलाल आबा काही बोलायला उठले, तिनं हातानं बसवलं.

"डॉक्टरनी इचारं नही, तर त्याले मी माईकपुढे उभं करं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण कुत्री हलली नाहीत. "मीबी इचारं नही. मना नवरा सांगी राह्यना व्हता आनि मी कागदनं ऐकं. म्हनीसन मी आठे उभी शे. आजपासून नियम असा, आधी माणूसले इचारानं, मंग कागदले. ज्याले जे बोलनं शे ते बोला."



ती करमसिंगकडे वळली आणि कंठी वर उचलली. हात छातीपर्यंत आले आणि अडकले. खांदे, दंड, सगळं दगड झालं होतं. तिनं दात चावून पुन्हा जोर केला. हात वर जाईनात, आणि समोर तो सागासारखा उभा. मागं कोणीतरी पोरगी खुदकन हसली.

"वाक ना रे!"

"काबर वाकू? त्या दिन वाकना व्हतू ना."

 तिचे हात तसेच अर्धवट वर थरथरत राहिले, कंठीचे काळे मणी हलत राहिले. तिनं ते खाली घेतले नाहीत.

"मी इसरसू नही, दगडी," तो म्हणाला.

"मीबी नही."

करमसिंगनं खांद्यावरची धूळ झटकली. मग बागेत टेकायचा तसा त्यानं एक गुडघा जमिनीवर टेकला, पाठ ताठ ठेवली, मान पुढे केली.

"ठेव," तो म्हणाला.